डेबियन टाकून झाल्यावर: शुद्धिपत्र कसं वाचायचं आणि दुरुस्त्या कशा लावायच्या

आमच्या अभ्यासिकेत अंकगणिताचं एक जुनं पुस्तक आहे. पहिल्याच पानावर गुलाबी कागदाची चिठ्ठी डकवलेली. वर ‘शुद्धिपत्र’, खाली चार रकाने: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. पुस्तक छापून झाल्यावर ज्या चुका सापडल्या त्या तिथं दिल्यात. चिठ्ठी न बघता उदाहरणं सोडवणारं लेकरू तासभर डोकं धरून बसतं, चूक आपली का पुस्तकाची हेच त्याला कळत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमलाही असंच शुद्धिपत्र असतं. ती बाहेर पडते त्या दिवशी तिच्यातल्या सगळ्या चुका कुणालाच माहीत नसतात. पुढची पाच वर्षं त्या सापडत राहतात, दुरुस्त होत राहतात. फरक एवढाच की पुस्तकातली चूक उत्तर चुकवते, आणि इथली चूक दुसऱ्याला तुमच्या मशीनमध्ये शिरू देते.

मी उदगीरला एका अभ्यासिकेतले १४ संगणक सांभाळते. मोंढ्यातल्या आडत दुकानांनी नवे घेतले तेव्हा जुने आम्हाला दिले, ते हे. सगळ्यांवर डेबियन ही लिनक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम आहे. देवणी, जळकोट, मुखेडहून आलेली लेकरं इथं बसून भरतीचे फॉर्म भरतात, जातीचा दाखला, आधार, मार्कमेमो स्कॅन करून चढवतात. त्यांची सगळी कागदपत्रं ह्या मशीनमधून जातात, म्हणून मला ह्या कामात ढिलाई चालत नाही. शाळेची लॅब, ग्रामपंचायत, वाचनालय असं काही ज्यांच्या गळ्यात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

कमांड मी इथं देवनागरीत लिहिल्यात, जशा फोनवर सांगते तशा. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची आणि ‘हायफन’ म्हटलं की आडवी रेघ द्यायची.

आधी आपल्याकडं काय आहे ते बघा

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून ‘कॅट’, जागा सोडून ‘/ईटीसी/डेबियन_व्हर्जन’ असं टाका. १२.४ किंवा ११.३ असा आकडा येईल. टिंबाच्या आधीचा आकडा मुख्य आवृत्तीचा. ११ म्हणजे बुल्सआय, १४ ऑगस्ट २०२१ ला आली. १२ म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ ची. १३ म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ची. टिंबानंतरचा आकडा पॉइंट रिलीझचा, म्हणजे तोवर निघालेली शुद्धिपत्रं आत घालून केलेलं पुनर्मुद्रण. त्यात नवी सोय काही नसते, फक्त दुरुस्त्या असतात. साधारण दोन महिन्यांनी एक निघतं.

स्पर्धा परीक्षेच्या लेकरांना मी हे उत्तरतालिकेवरून समजावते. आधी पहिली तालिका लागते, हरकती येतात, मग अंतिम तालिका लागते. पहिली तालिका पाठ करून बसणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही.

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीसोबत वाचायच्या तीन गोष्टी मिळतात. पहिली रिलीझ नोट्स. त्यातलं ‘लक्षात ठेवण्यासारख्या अडचणी’ हे प्रकरण आवृत्ती बदलण्याआधी वाचायचं, बदलल्यावर नाही. दुसरी त्या आवृत्तीचं एराटा, म्हणजे खरंखुरं शुद्धिपत्र. तिसरी सुरक्षा सूचना. प्रत्येक सूचनेला ‘डीएसए’ आणि पुढं आकडा असतो. पहिली मी वाचली नव्हती, आणि त्याचं काय झालं ते आता सांगते.

एका # ची गोष्ट

२०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी सगळी मशीन १० वरून ११ वर नेली. /ईटीसी/एपीटी मधली ‘सोर्सेस डॉट लिस्ट’, म्हणजे मशीन कुठून माल आणतं त्या पत्त्यांची यादी, उघडायची, ‘बस्टर’ (१० चं नाव) असेल तिथं ‘बुल्सआय’ लिहायचं, मग अपडेट. केलं. तेव्हा सुरक्षेच्या ओळीवर लाल अक्षरात एरर आली, ह्या पत्त्यावर रिलीझ फाइलच नाही म्हणून. बाकी सगळं नीट होत होतं. रात्रीचे दहा वाजलेले, घरी फराळाचं राहिलेलं. त्या ओळीच्या पुढं मी # लावला. # लावलेली ओळ मशीन वाचत नाही. एरर गेली. पुढं दर आठवड्याला अपडेट मारलं की ‘सगळी पॅकेजं अद्ययावत आहेत’ असं यायचं, आणि मी निर्धास्त. (पॅकेज म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमचा बांधून आलेला गठ्ठा.)

एरर का आली होती? ११ पासून डेबियननं सुरक्षेच्या ओळीचं नावच बदललं. आधी ‘बस्टर/अपडेट्स’ होतं, आता ‘बुल्सआय-सिक्युरिटी’. तिरकी रेघ गेली, हायफन आला. रिलीझ नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सहा नंबरच्या मशीनवरून बीसीएच्या एका पोरानं हाक मारली. “ताई, जरा इकडं या की. ह्ये बगा.” त्यानं एक छोटा प्रोग्रॅम चालवला. कमांडच्या सुरुवातीचं $ चिन्ह गेलं आणि # आलं. # म्हणजे तो आता साधा वापरणारा नव्हता, मशीनचा मालक झाला होता. पासवर्ड त्यानं टाकलाच नव्हता. “ही दुरुस्ती तर महिन्याखालीच आलीय ताई, तुमच्याकडं कामून नाही?”

ती चूक होती पोलकिट नावाच्या पॅकेजमधल्या ‘पीकेएक्झेक’ ह्या प्रोग्रॅममध्ये. २५ जानेवारी २०२२ ला क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ती जाहीर केली, नाव दिलं प्वनकिट, क्रमांक सीव्हीई-२०२१-४०३४ (सीव्हीई म्हणजे सापडलेल्या प्रत्येक चुकीला मिळणारा, सगळीकडं चालणारा क्रमांक). २००९ पासून तो प्रोग्रॅम निघाल्यापासूनच ती त्यात होती. मशीनसमोर बसलेला कोणीही माणूस तिचा फायदा घेऊन मालक होऊ शकत होता. आमच्याकडं दिवसातून साठ-सत्तर माणसं मशीनसमोर बसतात.

डेबियननं त्याच दिवशी डीएसए-५०५९ काढून दुरुस्ती दिली होती. ११ वरचं मूळ पॅकेज ०.१०५-३१, दुरुस्त केलेलं ०.१०५-३१+डेब११यू१. माझ्याकडं अजून ०.१०५-३१ च होतं. सुरक्षेच्या ओळीशिवाय ती दुरुस्ती पुढच्या पॉइंट रिलीझमधून आली असती, म्हणजे ११.३ मधून, २६ मार्चला. तोपर्यंत दोन महिने दार उघडं.

पोरगं भलं होतं म्हणून त्यानं मला दाखवलं. त्या संध्याकाळी मी अभ्यासिका लवकर बंद केली, सगळ्या मशीनवरचा # काढला, ओळ नीट लिहिली, अपडेट मारलं. सहा नंबरचं मशीन मात्र पूर्ण पुसून नव्यानं भरलं. हे नीट ध्यानात घ्या: दुरुस्ती दार बंद करते, आधीच कोणी आत येऊन गेला असेल तर त्याला बाहेर काढत नाही. एखाद्या मशीनवर परका माणूस मालक झाला असं कळलं, तर त्यावर नुसतं अपडेट मारून भागत नाही. मशीन पुसायचं आणि त्यावरून ज्यांनी लॉगिन केलं त्यांना पासवर्ड बदलायला सांगायचं. मी ५० च्या वर लेकरांना फोन केले.

यादीतल्या ओळी

‘अद्ययावत आहे’ ह्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही यादीत जे पत्ते लिहिलेत तिथं नवीन काही नाही. जो पत्ता लिहिलाच नाही तिथं काय आलंय हे मशीन सांगणार नाही.

१२ साठी तीन ओळी लागतात. ‘बुकवर्म’ ही मुख्य, तिच्यातूनच पॉइंट रिलीझ येतात. ‘बुकवर्म-अपडेट्स’मधून पॉइंट रिलीझपर्यंत थांबता येत नाही अशा इतर दुरुस्त्या येतात. आणि ‘बुकवर्म-सिक्युरिटी’. ह्या तिसरीचा पत्ता वेगळा असतो: सिक्युरिटी डॉट डेबियन डॉट ऑर्ग, तिरकी रेघ, डेबियन-सिक्युरिटी.

आता ‘सुडो एपीटी अपडेट’ (सुडो म्हणजे मालकाच्या हक्कानं, एपीटी म्हणजे पॅकेजं आणणारा प्रोग्रॅम) मारल्यावर पडद्यावर ज्या ओळी पळतात त्या वाचायची सवय करा. सुरुवातीला ‘हिट’ असेल तर बदल नाही, ‘गेट’ असेल तर नवी यादी उतरवली. ‘इग्न’ म्हणजे ती ओळ सोडून दिली, ‘एर’ म्हणजे अडलं. त्यात ‘-सिक्युरिटी’ असलेली ओळ हिट किंवा गेट घेऊन आली पाहिजे. ती ओळ दिसलीच नाही तर शेवटी काहीही गोड वाक्य आलं तरी विश्वास ठेवू नका. आणखी खात्रीसाठी नुसतं ‘एपीटी पॉलिसी’ टाका, पुढं काही नको. मशीन कुठून कुठून माल घेतं त्याची यादी येते आणि तिच्यात ‘डेबियन-सिक्युरिटी’ हे लेबल दिसायलाच हवं. एवढी एक कमांड मला २०२१ च्या दिवाळीत माहीत असती तर बरं झालं असतं.

१२ वर जाताना ह्याच जातीची आणखी एक खोच आहे. वायफाय कार्ड, प्रोसेसर ह्यांना लागणारे फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम, आधी ‘नॉन-फ्री’ ह्या कप्प्यात असायचे. १२ पासून त्यांना ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा कप्पा केला. जुनी यादी तशीच ओढत आणली असेल आणि हा शब्द ओळींच्या शेवटी जोडला नसेल, तर फर्मवेअरच्या दुरुस्त्या गुपचूप थांबतात. त्याचं महत्त्व किती हे ऑगस्ट २०२३ मध्ये कळलं. इंटेल प्रोसेसरमधली डाउनफॉल नावाची चूक तेव्हा जाहीर झाली, कोअर मालिकेच्या सहाव्या ते अकराव्या पिढीपर्यंत. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा डेटा चोरून वाचता येईल अशी. तिचा इलाज प्रोसेसरच्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे त्याच्या फर्मवेअरमध्ये, होता आणि ‘इंटेल-मायक्रोकोड’ हे पॅकेज ह्याच कप्प्यात बसतं. आमची पाच मशीन सहाव्या पिढीची. ह्यावेळी मात्र रिलीझ नोट्स मी आधीच छापून वाचल्या होत्या, पेन्सिलनं खुणा करून.

सूचना वाचताना आकड्याचं शेपूट बघा

सुरक्षा सूचनेत पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात: पॅकेजचं नाव, सीव्हीई क्रमांक, चुकीचा परिणाम काय, आणि कुठल्या आवृत्तीत कुठल्या आकड्यापासून दुरुस्त. पॅकेज आपल्याकडं नसेल तर पुढं वाचायची गरज नाही. असेल तर ‘एपीटी पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव टाका. ‘इन्स्टॉल्ड’पुढं सध्याचा आकडा येतो, ‘कँडिडेट’पुढं मिळू शकणारा. दोन्ही सारखे असले आणि सूचनेतल्या आकड्याइतके किंवा पुढचे असले की झालं.

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये मोठी चूक निघाली, सीव्हीई-२०२४-६३८७, नाव पडलं रिग्रेएसएसएच. दुरून लॉगिन करायची सोय जी सेवा देते तिच्यातच पासवर्डाशिवाय शिरायची वाट. बातम्यांत आलं की ९.८ घ्या. अहमदपूरच्या एका शाळेतल्या सरांनी घाबरून फोन केला: “मॅडम, माझ्याकडं ९.२ च दाखवायलंय, अपडेट मारलं तरी हलंना!”

सर, हलणारच नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पॅकेजचा मुख्य आकडा शेवटपर्यंत तोच ठेवतात. नव्या आवृत्तीत जी दुरुस्ती झाली तेवढाच तुकडा उचलून जुन्या पॅकेजला जोडतात, नवे बदल सोबत येऊ देत नाहीत. ह्याला बॅकपोर्ट म्हणतात. जुन्या लुगड्याला फाटलं तिथंच ठिगळ लावावं तसं, लुगडं तेच राहतं. म्हणून १२ वर दुरुस्त झालेला आकडा होता १:९.२पी१-२+डेब१२यू३. बघायचं ते शेवटचं ‘यू३’. सरांकडं यू३ होतं, म्हणजे ते सुरक्षित होते. आणि ११ वर जी ८.४ होती तिला ही चूक लागलीच नाही, कारण चूक ८.५ पासून घुसली होती. गंमत नाही, पण खरं आहे: हीच चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती आणि पुढच्या एका बदलात परत आली.

ह्यामुळं बाहेरून आकडा वाचून ‘तुमचं मशीन असुरक्षित’ असं सांगणारी तपासणीची साधनं डेबियनवर वारंवार चुकतात. शंका आली तर डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरमध्ये सीव्हीई क्रमांक टाका. प्रत्येक आवृत्तीपुढं ‘व्हल्नरेबल’ का ‘फिक्स्ड’ ते सरळ लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ‘नो डीएसए’ दिसेल. ती चूक किरकोळ ठरवलेली आहे, वेगळी सूचना निघणार नाही, दुरुस्ती झालीच तर पॉइंट रिलीझमधून येईल.

दुरुस्ती लावायची पद्धत

बुधवारी सकाळी सात वाजता मी एक नंबरचं मशीन सुरू करते. बाकी १३ बंद. ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी लिस्ट --अपग्रेडेबल’. दुसऱ्या कमांडनं काय काय बदलणार ते कळतं, ते वहीत उतरवते. मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’. मशीन रीस्टार्ट करून ब्राउझर, प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी टायपिंग चालतंय का बघते. चाललं तर दुपारी बाकीची. अगदी गंभीर सूचना असेल तर वाराची वाट बघत नाही, त्याच दिवशी.

सगळ्यांनी एकेकटं उतरवायचं म्हटलं तर नेट पुरत नाही. एकट्या कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, पॅकेज साठ-सत्तर एमबी असतं, गुणिले १४ म्हणजे एक जीबीच्या जवळ. म्हणून एक नंबरवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ टाकलंय. तिथून एकदा उतरलेलं पॅकेज ते साठवतं आणि बाकीच्यांना घरातल्या घरात देतं. बाकी मशीनवर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी ह्या फोल्डरात एक छोटी फाइल करून एकच ओळ लिहायची:

अ‍ॅक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://१९२.१६८.१.१०:३१४२";

(१९२ पासूनचा पत्ता तुमच्या एक नंबरचा टाका, ३१४२ तसाच ठेवा, आकडे अर्थात इंग्रजी.) सोर्स लिस्टमधले पत्ते एचटीटीपीचे हवेत, एचटीटीपीएसचे असले तर साठवण होत नाही. साध्या एचटीटीपीनं कोणी मध्येच भेसळ करील का, असं आमच्या सचिव काकांनी विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबर होता. पॅकेजांच्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजची चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, असते. एक अक्षर बदललं तरी मशीन ते पॅकेज नाकारतं.

वीज. आमच्याकडं पावसाळ्यात आभाळ गडगडलं की लाइट जाते. इन्व्हर्टर कुरकुरत असेल तर अपग्रेड सुरू करू नका. मध्येच बंद पडलंच तर घाबरायचं कारण नाही: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ मारा, अर्धवट राहिलेलं पुरं होतं. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ‘लॉक मिळत नाही’. त्याचा अर्थ मागं आपोआप होणारं अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. कुठंतरी वाचून लॉक फाइल पुसून टाकायचा उपाय करू नका, त्यानं पॅकेजांचा हिशोब बिघडू शकतो.

आणि जुन्या मशीनवर एक वेगळीच एरर येते, ‘रिलीझ फाइल अजून वैध झालेली नाही’. आजची फाइल अजून वैध नाही म्हणजे काय? बोर्डावरचा सीआर २०३२ सेल मेलेला असतो, घड्याळ मागं गेलेलं असतं, आणि मशीनला वाटतं ही फाइल भविष्यातली आहे. तारीख नीट करा, सेल बदला. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

अपग्रेड झालं म्हणजे काम झालं असं नाही. डिस्कवर नवा कर्नल आला तरी चालू असतो तो जुनाच, रीस्टार्ट होईपर्यंत. ‘युनेम -व्ही’ टाकलं की सध्या चालू असलेल्या कर्नलचा डेबियन आकडा आणि तारीख दिसते. इतर सेवांसाठी ‘नीडरीस्टार्ट’ हे पॅकेज टाकून ठेवा, कुठल्या सेवा अजून जुन्या फाइली धरून बसल्यात ते सांगतं. आमच्याकडं मशीन रोज रात्री बंद होतात म्हणून हा प्रश्न कमी. ज्यांचा सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाही त्यांनी मात्र हे नेमानं बघावं.

दुरुस्तीच बिघडली तर

“ताई, चालायलंय ते चालू द्या की, कशाला हात लावायलाव?” असं आमचे काका म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचं उदाहरणही आहे. शनिवार, ९ डिसेंबर २०२३. त्या दिवशी १२.३ निघणार होती. तिच्यातल्या ६.१.६४-१ ह्या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइल सिस्टिमवरचा (डिस्कवर फाइली मांडायची एक रीत) डेटा खराब करू शकणारी चूक सापडली. डेबियननं १२.३ चे इन्स्टॉलर रोखले, अपडेट करू नका असं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ कर्नल घालून थेट १२.४ काढली. आमच्या सगळ्या मशीनवर एक्स्ट४ च आहे.

त्यावरून मी हात आवरला नाही, पण रीत ठरवली. सुरक्षेच्या ओळीतून येतं ते लगेच. पॉइंट रिलीझ मात्र निघाल्यावर तीन-चार दिवसांनी, एराटा पुन्हा वाचून, एक नंबरवर आधी. मागचा एक कर्नल कायम ठेवायचा. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे मशीन उठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये तो दिसतो, नव्यानं दगा दिला तर तिथून मशीन उठवता येतं. आणि लेकरांच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.

रोज जमणार नसेल तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ लावा. ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अनअटेंडेड-अपग्रेड्स’ असं टाकून होकार दिला की सुरक्षा दुरुस्त्या आपोआप येतात. मशीन रात्री बंद असलं तरी सकाळी सुरू झाल्यावर राहिलेली फेरी पुरी करतं. पण लावून विसरू नका. ‘सुडो अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग’ मारलं की ते काय करणार होतं हे प्रत्यक्ष न करता दाखवतं, आणि /व्हार/लॉग मध्ये त्याच्या नावाच्या फोल्डरात रोजची नोंद असते. महिन्यातून एकदा ती वाचा. # लागलेल्या ओळीतून हेही काही आणू शकत नाही.

कार्यालयात एक विंडोजचं मशीनही आहे. तिथं दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडं रात्री उशिरा. प्रत्येकीला केबी क्रमांक असतो आणि माहीत असलेल्या अडचणी त्या क्रमांकाखालीच लिहिलेल्या असतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, एवढं ज्यांच्याकडं अजून ते आहे त्यांनी ध्यानात घ्यावं.

डेबियनलाही शेवट असतोच. १२ ला सुरक्षा टीमचा आधार १० जून २०२६ पर्यंत, त्यानंतर एलटीएसवाल्यांचा (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे लांबचा आधार देणारे) ३० जून २०२८ पर्यंत. एलटीएसच्या सूचना ‘डीएलए’ नावानं येतात, ‘डीएसए’ शोधत बसलात तर सापडणार नाहीत. ‘डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट’ हे पॅकेज टाकून ‘चेक-सपोर्ट-स्टेटस’ मारलं तर तुमच्या मशीनवरच्या कुठल्या पॅकेजांचा आधार संपलाय किंवा अपुरा आहे ते कळतं. ३२ बिटी जुनी मशीन असणाऱ्यांसाठी आणखी एक: १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही. आमची तशी दोन आहेत, ती १२ वरच राहतील आणि त्यांचं पुढं काय करायचं हे मोंढ्यातल्या शेठजींशी बोलायला लागेल.

वहीचं सांगायचं राहिलं. २०० पानी साधी वही, सूचनेमागं एक ओळ. प्वनकिटची ओळ अशी आहे: ‘डीएसए-५०५९, पोलकिट, मशीन १ ते १४, यू१ तपासलं, ६ नंबर पुसून नवीन.’ पुढं तारीख आणि माझी सही. मी रजेवर असले तर दुसऱ्या माणसाला कुठवर आलंय हे विचारायला फोन करावा लागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये अभ्यासिका उघडते तेव्हा मशीन वीस-पंचवीस दिवस बंद असलेली असतात. तेवढ्यात आलेली एकही दुरुस्ती त्यांच्यावर नसते, आणि भरतीचे फॉर्म भरायला दारात गर्दी. त्या सकाळी एक नंबर आधी उठतं. घड्याळ बघायचं, ‘एपीटी पॉलिसी’त सिक्युरिटीचं लेबल बघायचं, अपग्रेड, रीस्टार्ट. मग त्याच्याकडून दोन ते चौदा. तासभर जातो. तोवर लेकरांना मी बाहेर वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसवते आणि ब्राउझर कुणालाच उघडू देत नाही.